माळवदाची माती, आडाचे पाणी

लातूर आणि नांदेडच्या जुन्या वस्त्यांत अजून तग धरून असलेल्या माळवदी घरांची दुरुस्ती छपरापासून सुरू करावी लागते. सागवानी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचांची दाटी, त्यावर पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी माळवदाची रचना असते. भर मे महिन्यात खालची खोली गार राहते ती या मातीमुळेच. गळती थांबवण्यासाठी मात्र पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची आणि जुनी तशीच ठेवायची, अशी रीत पडली. पिढ्यान्‌पिढ्या थर चढत गेला. दहा फूट लांब-रुंद खोलीवर फूटभर माती असली तरी तिचे वजन साडेचार टनांच्या आसपास भरते.

हे वजन काय करते, ते 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात औसा तालुक्यातील किल्लारी आणि परिसराने पाहिले. आतबाहेर दगडांचे दोन थर आणि मधे चिपा-मातीची भर, अशा तिथल्या घरांच्या भिंती होत्या. दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड फार थोड्या ठिकाणी होते. हादऱ्यासरशी थर एकमेकांपासून सुटले आणि दगडमाती झोपलेल्या माणसांवर कोसळली. खांब-तुळयांचा सांगाडा मात्र कित्येक घरांत उभाच राहिला. दोष लाकडाचा नव्हता, हे जुने घर पाडायला निघालेल्या प्रत्येकाने लक्षात घ्यावे. जागतिक बँकेच्या मदतीने पुढे राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात नवी गावे वसवण्याबरोबरच 13 जिल्ह्यांतील सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. त्या कामांचे सूत्र शहरी वाड्यालाही जसेच्या तसे लागू पडते: माळवदावरची माती कमी करायची, भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून त्यांत सळई घालून काँक्रीट भरायचे, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपे टेकू द्यायचे. भूकंपापूर्वी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणलेला किल्लारीचा भाग 2002 च्या नकाशात तिसऱ्या पट्ट्यात आला. 21 मार्च 2024 रोजी हिंगोली परिसरातील भूकंपाचे धक्के नांदेडलाही बसले.

माती उतरली की तिच्या जागी पातळ थर आणि त्यावर उताराचा कोबा करता येतो. असे छत पाऊस झेलते, आणि लातूरकरांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको. मांजरा धरण कोरडे पडल्यावर एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे आली, सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून. पहिल्या खेपेला तिच्या 10 टाक्यांत पाच लाख लिटर पाणी होते. शंभर चौरस मीटर छतावर 750 मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी 60 हजार लिटर हाती लागते. म्हणजे अशी आठ-नऊ छते मिळून ती पहिली खेप होते. नांदेडला गोदावरी आणि विष्णुपुरी जलाशयाचा आधार आहे. तरी तिथला उन्हाळाही टँकर दाखवतोच.

जुन्या घरांत हे पाणी साठवायची सोय बहुधा आधीच असते: चौकातला किंवा परसातला आड. नळ आल्यावर तो झाकला गेला आणि पुढे केरकचऱ्याने भरला. गाळ उपसण्याआधी आत हवा खेळती करावी. कोंडलेल्या विषारी वायूने माणसे दगावतात. शेजारी शौचालयाचा शोषखड्डा असेल तर आधी तो हलवावा. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी बाहेर सोडून नंतरचे वाळू-खडीच्या गाळणीतून आडात घ्यावे. पिण्यासाठी ते तपासूनच वापरावे.

उतरवलेली माती टाकून देऊ नये. गावठाणातली पांढरी माती शेतकरी पूर्वी खत म्हणून शेतात नेत. मात्र तिच्यात क्षार असतात, म्हणून एका पावसाळ्यात धुऊन निघू द्यावी आणि मग शेणखत व पालापाचोळ्यात मिसळावी. अशा वाफ्यात अंबाडी, शेपू आणि मेथी घेता येते. दोडका आणि घोसाळी मांडवावर चढवली की पश्चिमेच्या भिंतीवर सावली पडते. शेवगा एकदा लागला की फार पाणी मागत नाही, पण त्याची फांदी वाऱ्याने सहज मोडते. म्हणून तो छपरापासून लांब लावावा. मोरीचे पाणी केळी आणि अळूकडे वळवावे. साबणाचे प्रमाण जास्त असेल तर पालेभाजीला देऊ नये. कोणताही वाफा मातीच्या भिंतीला चिकटून करू नये, दोन-तीन हात जागा सोडावी. पायथ्याशी ओल मुरली की वरची मजबुती फुकट जाते.