सांदवाडीतली पाळी

बिरसी म्हटले की गोंदियाबाहेरच्यांना विमानतळ आठवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 साली इंग्रजांनी बांधलेला. 2022 च्या मार्चपासून तिथून प्रवासी विमानेही उडू लागली. मला मात्र त्या कुंपणाबाहेरची, घरामागच्या सांदवाडीतली परसबाग पाहायची होती.

‘उमेद’ अभियानातल्या बचत गटांत पोषण परसबाग गोल आखतात. मधोमध खड्डा, त्यात शेण आणि ओला कचरा. भोवती वाफे: पालक, मेथी, सांभार, भेदरे, वांगी. मांडवावर दोडका, कडेला शेवगा आणि पपई. न्हाणीचे पाणी केळीच्या आळ्यात. जीवामृताचे प्रमाण ठरलेले आहे: 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. पण हे झाले एका एकराचे. एका सांदवाडीला एवढे लागतच नाही, म्हणून चौघी-पाचजणींत एक ड्रम. शेण एकीकडचे, गूळ दुसरीकडचा.

खरी कसोटी रोवणीत लागते. बांधीत चिखल झाला की बाया सकाळपासून पऱ्हे हाती घेऊन वाकलेल्या. इकडे तण माजते, शेळ्या शिरतात. मग पाळी लावावी लागते. जी घरी राहील तिने शेजारणीचाही वाफा निंदायचा. पाळी कोण पाळते, कोण चुकवते, हे सगळ्यांना दिसते. गटाच्या बैठकीत कर्ज देताना गहाण काही नसते. तिथे हीच ओळख तारण म्हणून चालते, आणि माझ्या मते परसबागेचे सर्वांत मोठे पीक तेच आहे.

पैशाचेही तसेच. धानाची रक्कम हंगामात एकदा येते आणि बहुधा सातबारा ज्याच्या नावे, त्याच्या खात्यात जाते. भाजीची आठवड्याला येते, थोडी असते, पण बाईच्या हातात पडते. बचतीचा हप्ता तिथून निघतो, त्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

पण जी सांदवाडी ती कसते, ती कागदावर कुणाची? घर पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावे, असा शासन निर्णय 2003 पासून आहे. म्हणून गटातल्या प्रत्येकीला सांगणे एवढेच: पुढच्या बैठकीआधी ग्रामपंचायतीत जाऊन नमुना 8 चा उतारा काढा. त्यावर तुमचे नाव नसेल, तर अर्ज द्या. आणि एकटीने जाऊ नका, साऱ्याजणी मिळून जा.