हत्यार बदलते तेव्हा

कॉम्प्रेसर म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना शीतकपाटामागे घरघरणारे यंत्र आठवेल, किंवा रस्त्याकडेला चाकांत हवा भरणाऱ्याचे. येथे ज्याविषयी सांगायचे आहे तो कॉम्प्रेसर हवा दाबीत नाही, आवाज दाबतो. रेडिओवरील बातम्या, चित्रपटातील गाणी, मालिकांतील संवाद, यांतला बहुतेक आवाज आपल्या कानी पडण्यापूर्वी त्याच्या हाताखालून गेलेला असतो. तरीही त्याची ओळख श्रोत्यांना क्वचितच असते, कारण त्याने आपले काम चोख केले म्हणजे ते काम झाल्याचे कळतच नाही.

आधी ते काम समजून घेऊ. माणसाचा आवाज एका पातळीवर राहत नाही. गायिका एका ओळीत कुजबुजते आणि पुढच्याच ओळीत तार सप्तकात जाते. पूर्वी ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञ नियंत्रणाच्या खुंटीवर हात ठेवून बसे. आवाज चढला की खुंटी खाली, उतरला की वर. कॉम्प्रेसर हेच आपोआप करतो. त्याला एक मर्यादा नेमून द्यायची आणि त्या मर्यादेवर गेलेला आवाज कोणत्या प्रमाणात दाबायचा ते सांगायचे. समजा, मर्यादा उणे २० डेसिबल आहे आणि प्रमाण चारास एक. आवाज उणे ८ पर्यंत चढला, म्हणजे मर्यादेच्या १२ डेसिबल वर गेला. कॉम्प्रेसर त्या १२ चा चौथा हिस्सा, म्हणजे ३, तेवढाच वर जाऊ देतो. बाहेर पडणारा आवाज उणे १७ होतो. ९ डेसिबल दाबले गेले.

एवढा हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल. कसब पुढेच आहे: किती चपळाईने दाबायचे आणि किती वेळाने सोडायचे? तबल्याची थाप फार लवकर दाबली तर तिचा कडकपणा जातो. दाब फार उशिरा सोडला तर थापेमागून येणारा गायकाचा शब्दही दबून राहतो. फार लवकर सोडला तर सगळे गाणे धापा टाकीत असल्यासारखे ऐकू येते. येथे आकडे मदतीला येतात, पण निवाडा कानाचाच असतो.

या यंत्राचा इतिहास थोडा पाहावा लागेल, कारण आमचा मुद्दा त्यातच दडलेला आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत राइन नार्मा यांनी आखलेले फेअरचाइल्ड ६७० नावाचे यंत्र आले. त्यात २० व्हॉल्व्ह होते आणि वजन सुमारे ३० किलो. पुढे जिम लॉरेन्स यांनी एलए-२ए तयार केले. त्यात आवाजाच्या चढउताराप्रमाणे एक लहानशी पट्टी उजळते, आणि तिच्या प्रकाशाने आवाज किती दाबायचा ते ठरते. मुख्य खुंट्या दोनच. १९६७ साली बिल पुटनम यांचे ११७६ आले. ते ट्रान्झिस्टरवर चाले आणि सेकंदाच्या लाखांश भागांत मोजावे इतके चपळ होते.

या ११७६ वर प्रमाण ठरविण्यासाठी चार बटणे होती: ४, ८, १२ आणि २०. एका वेळी एक दाबावे अशी योजना होती. पण वापरणाऱ्यांनी चारही बटणे एकदम दाबून पाहिली! त्यातून निघालेला आवाज फाटका होता, रांगडा होता, आणि ढोल-ताशांसारख्या वाद्यांना विलक्षण शोभणारा होता. इंग्लंडमधील तंत्रज्ञांशी या युक्तीचे नाव जोडले गेले. आज त्या यंत्राच्या संगणकीय प्रतिकृती विकल्या जातात, त्यांत ही चार बटणांची सोय मुद्दाम दिलेली असते. आखणाऱ्याच्या मनात नसलेला गुण वापरणाऱ्याच्या बोटांनी शोधून काढला, आणि तोच पुढे मालाचा भाग झाला.

दुसरे उदाहरण त्याच यंत्राचे. त्याच्या सुधारित आवृत्त्या ए, बी, सी अशा अक्षरांनी एचपर्यंत गेल्या. सी आवृत्तीत खरखर कमी करण्यात आली; अभियंत्याच्या मोजपट्टीने ती निःसंशय सुधारणा होती. तथापि निळ्या पट्टीची पहिली आवृत्ती लोकांनी टाकून दिली नाही. तिच्या आवाजातला खडबडीतपणा काहींना हवाच होता. म्हणून पुढे संगणकीय प्रतिकृती निघाल्या तेव्हा जुनी आणि नवी, दोन्ही रूपे द्यावी लागली.

आता संगणकाकडे येऊ. १९९६ साली जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी नावाची पद्धत आणली. तिच्यामुळे असे यंत्र एका छोट्या आज्ञावलीच्या रूपाने संगणकातील ध्वनिमुद्रणाच्या मोठ्या आज्ञावलीत बसविता येऊ लागले. यालाच प्लगिन म्हणतात. ३० किलोचा पेटारा गेला आणि खिशाला परवडणारे हत्यार आले, हा लाभ लहान नाही. मुंबई-पुण्याच्या एका खोलीच्या स्टुडिओतला तरुणही आज तेच हत्यार हाताळतो.

पण लोखंडी पेटाऱ्याचा एक गुण या सोयीत हरवला. पेटाऱ्यात बदल करायचा तर मालकाने तो उघडून डाखकामच करावे लागे. त्याच्या परवानगीवाचून आत काही बदलत नसे. प्लगिनची नवी आवृत्ती निघाली, म्हणजे अपडेट आले, की दूरच्या कचेरीत केलेला बदल हजारो कामाच्या मेजांवर जाऊन बसतो. आणि अपडेट कायमचे टाळताही येत नाही. २०१३ साली प्रो टूल्सची अकरावी आवृत्ती ६४ बिटांची झाली, २०१९ साली ॲपलच्या संगणकप्रणालीने ३२ बिटांच्या आज्ञावल्या चालविणे बंद केले. जुनी हत्यारे तेथल्या तेथे मुकी झाली. नवे घेतले तर आवाज बदलण्याची भीती, न घेतले तर हत्यार बंद पडण्याची.

अशा वेळी वापरणाऱ्यांकडून ज्या तक्रारी येतात त्यांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग कामाच्या नुकसानीचा. दोन वर्षांपूर्वी पुरे केलेले गाणे निर्माता एक शब्द बदलण्यासाठी परत आणतो. तंत्रज्ञ ते उघडतो, आणि त्याच खुंट्या त्याच जागी असूनही आवाज निराळा येतो. ग्राहकाला आवृत्तीचे कारण सांगून चालत नाही; रात्र तंत्रज्ञाची जाते आणि त्या रात्रीची मजुरी त्याला कोणी देत नाही.

दुसरा वर्ग हाताच्या सवयीचा. ११७६ मध्ये चपळाईची खुंटी उलटी आहे. उजवीकडे पूर्ण फिरविली की वेग सर्वांत जास्त. नवख्याला हे विचित्र वाटते. पण तिच्यावर हात बसलेल्यांसाठी प्रतिकृतींतही ती तशीच उलटी ठेवतात. एखाद्या हुशार अभियंत्याने ती ‘सुधारून’ सरळ केली, तर हजारो हात एका दिवसात अडाणी ठरतील.

तिसरा वर्ग कराराचा: विकत घेतलेल्या वस्तूच्या अटी विक्रीनंतर बदलणे. वेव्हज या इस्रायली कंपनीची प्लगिने जगभर वापरली जातात. मार्च २०२३ मध्ये तिने जाहीर केले की यापुढे प्लगिने कायमची विकत मिळणार नाहीत, केवळ वर्गणी भरून वापरता येतील. आधी विकत घेतलेली चालत राहतील. पण पैसे भरून त्यांच्या नव्या आवृत्त्या घेण्याची जी योजना होती, तीही बंद. वर सांगितलेल्या ३२ बिटांच्या हकिकतीवरून याचा अर्थ ध्यानात यावा. जे हत्यार नवे होऊ शकत नाही त्याचे आयुष्य संगणकाच्या पुढच्या बदलापुरतेच. जगभरातून संतापाचा लोंढा आला. काही दिवसांतच कंपनीने माफी मागितली आणि वर्गणीबरोबर कायमची खरेदीही पुन्हा चालू केली.

कामगार संघटनेच्या कामात आमची वर्षे गेली, म्हणून या घटनेकडे आम्ही त्या नजरेने पाहतो. या लोकांची संघटना नव्हती, वर्गणी नव्हती, झेंडा नव्हता. मग त्यांचे ऐकले का गेले? कारण त्या आठवड्यात सर्वांची मागणी एकच होती, आणि ती एका वाक्यात सांगता येत होती. एरवी हेच लोक एकेकटे तक्रार करतात. एकाला अक्षरे मोठी हवी असतात, दुसऱ्याला आणखी चार खुंट्या, तिसऱ्याला आहेत त्याच जास्त वाटतात. असल्या गलबल्यातून कंपनीला हवे ते उचलता येते.

तक्रार कशी करावी याचेही शास्त्र आहे. “साहेब, खात्यात फार त्रास आहे,” असे सांगणाऱ्या कामगाराला साहेब चहा पाजून परत पाठवितो. अमुक नंबरचा माग, दुसरी पाळी, सूत अमुक जातीचे, तासाला इतक्या वेळा तुटते, असे लिहून दिले की साहेबाला उत्तर द्यावेच लागते. येथेही तसेच आहे. कोणती आवृत्ती, कोणता संगणक, खुंट्या कोठे होत्या, काय केल्यावर बिघडले, हे लिहिलेली चार ओळींची तक्रार चार पानांच्या संतापाहून मोलाची.

‘आवाज बदलला’ हे सिद्ध करण्याची तर फार सुंदर रीत आहे. एकच ध्वनी जुन्या आणि नव्या आवृत्तीतून, खुंट्या सारख्या ठेवून, काढावा. मग एकाची लाट उलटी करून दोन्ही एकत्र मिसळावेत. दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर ते परस्परांना खोडून टाकतात आणि शांतता उरते. फरक असेल तर तेवढाच ऐकू येतो. काही प्रतिकृतींत जुन्या यंत्राची खरखर मुद्दाम घातलेली असते. ती आधी बंद करावी. आणि कानांनी तुलना करायची तर दोन्ही आवाजांची पातळी आधी सारखी करावी, कारण किंचित मोठा आवाज माणसाला सहज अधिक चांगला वाटतो. कित्येक नव्या आवृत्त्यांची वाहवा आणि कित्येक जुन्यांची हळहळ एवढ्यावरच उभी असण्याचा संभव आहे.

दुसऱ्या बाजूलाही न्याय दिला पाहिजे. प्लगिन लिहिणारा हाही कामगारच आहे. पुष्कळ कंपन्या अगदी लहान असतात, आणि प्रत्येक जुनी आवृत्ती प्रत्येक नव्या संगणकावर तपासून चालू ठेवणे हे कष्टाचे काम आहे. त्याला शिव्या देणे म्हणजे गिरणीच्या मालकाचा राग जॉबरवर काढणे. शिवाय तक्रार करणारे म्हणजे सगळे वापरणारे नव्हेत. एलए-२एच्या दोन खुंट्यांवर सुखी असलेला माणूस कधी पत्र लिहीत नाही. त्याच्या मौनाचा विचारही निर्मात्याने करावयाचा असतो.

तेव्हा आमच्या मते रास्त मागण्या चार आहेत. मोठा बदल असेल तर नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी बसावी, तिला पुसून टाकू नये. फॅबफिल्टरसारख्या कंपन्या हे करतात, म्हणजे ते अशक्य नाही. आवाजावर परिणाम करणारा प्रत्येक बदल साध्या भाषेत आधी सांगावा. जी सूचना मानली नाही तिचे कारण द्यावे. आणि विक्रीच्या वेळच्या अटी विक्रीनंतर बदलू नयेत.

या मागण्या ध्वनिमुद्रणापुरत्या आहेत असे समजण्याचे कारण नाही. शिंप्याचे यंत्र, बँकेतल्या कारकुनाचा पडदा, रिक्षावाल्याच्या हातातला फोन, यांच्या आतही आता कोणीतरी दूर बसून बदल करीत असतो. तंत्रज्ञांपाशी निदान दोन आवृत्त्या मिसळून फरक ऐकण्याची युक्ती आहे. इतर धंद्यांतील लोकांनी आपला फरक कसा मोजायचा, हे ज्याने त्याने आपल्या कामाच्या जागी शोधावे, चार सोबत्यांसह लिहून काढावे, आणि मग एकत्र मागावे.