परीक्षेचे आकडे आणि शाळेची सुधारणा

विद्यार्थ्यांनी मिळविलेले गुण एकत्र केले म्हणजे त्यांतून दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे मिळावीत, अशी अपेक्षा धरली जाते. पहिला प्रश्न शासनाचा व समाजाचा : या शाळेवर खर्ची पडलेल्या पैशाचे चीज झाले की नाही? दुसरा प्रश्न शिक्षकाचा : माझ्या वर्गातील मुले नेमकी कोठे अडली आहेत, आणि उद्या मी काय शिकवावे? पहिला प्रश्न उत्तरदायित्वाचा होय, दुसरा सुधारणेचा. दोन्ही रास्त आहेत. परंतु एकाच चाचणीच्या एकाच आकड्याने दोहोंचे समाधान करावयाचे ठरविले, तर पहिला प्रश्न दुसऱ्याला गिळून टाकतो, असा आजवरचा अनुभव आहे. असे का होते व ते कसे टाळता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. उदाहरणे मुख्यतः वाचनाची घेतली आहेत. कारण प्राथमिक शाळेचे मोजमाप बहुधा वाचनावरून होते, आणि वाचनात काय मोजले जाते या प्रश्नाशी भाषाशास्त्राचा निकटचा संबंध आहे.

हा प्रश्न नवा नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने शाळांच्या अनुदानाची सुधारित नियमावली लागू झाली. तीनुसार शाळेचे अनुदान मुलांची उपस्थिती व निरीक्षकाने घेतलेली परीक्षा यांवर अवलंबून ठेवण्यात आले. वाचन, लेखन व अंकगणित यांपैकी एका विषयात मूल अनुत्तीर्ण झाले की त्याच्या नावचे २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. कवी व समीक्षक मॅथ्यू अर्नोल्ड हे त्या काळी शाळांचे निरीक्षक होते. ही परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी खरोखर वाचता येण्याची गरज उरत नाही, हे त्यांनी आपल्या अहवालांत पुनःपुन्हा दाखवून दिले. मुले नेमलेले पुस्तक वर्षभर घोकून तोंडपाठ करीत. तेच पुस्तक पुढे ठेवले की घडघडा म्हणत. १८९० नंतरच्या दशकात ही पद्धती मोडीत निघाली.

मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची ही पद्धती आली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी तिच्यावर आक्षेप घेतला. जो समाज गरीब आहे व ज्यात शिक्षणाची गोडी अद्याप निर्माण व्हावयाची आहे, त्याला ही पद्धती मुळीच मानवणारी नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आज शाळांची क्रमवारी लावताना हा आक्षेप आठवावा असा आहे. शाळेचा निकाल हा केवळ शिक्षकाच्या श्रमाचा निकाल नसतो. मूल कोणत्या घरातून आले, हेही त्यात मिसळलेले असते. म्हणूनच अंतिम गुणांपेक्षा आरंभ व अखेर यांमधील प्रगती मोजणे अधिक न्याय्य ठरते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ही कल्पना मोठ्या प्रमाणावर परत आली. अमेरिकेत २००२ साली अंमलात आलेल्या कायद्याने तिसरी ते आठवी या इयत्तांत दरवर्षी वाचन व गणित यांची चाचणी सक्तीची केली. २०१४ पर्यंत सर्व मुले निर्धारित पातळीवर आणावयाची असे उद्दिष्ट ठेवले, आणि मागे पडणाऱ्या शाळांवर चढत्या क्रमाने कारवाई ठरविली. या कायद्याचे एक श्रेय नाकारता येणार नाही. शाळेची एकंदर सरासरी पुरेशी न मानता गरीब, कृष्णवर्णीय, इंग्रजी भाषा नव्याने शिकणारी इत्यादी गटांचे निकाल स्वतंत्रपणे जाहीर करणे त्याने बंधनकारक केले. सरासरीच्या पडद्याआड दडलेली मुले त्यामुळे प्रथमच दिसू लागली.

परंतु दुष्परिणामही दिसले. उत्तीर्णतेच्या रेषेच्या जरा खाली असलेल्या मुलांवर शिक्षकांचे लक्ष केंद्रित झाले. जी रेषेपासून फार खाली होती, त्यांच्यावर श्रम घेऊन शाळेच्या टक्केवारीत फरक पडत नसे. शिकागो येथील निकालांच्या अभ्यासात मधल्या मुलांचे गुण वाढले, अगदी तळच्या मुलांचे मात्र फारसे वाढले नाहीत, असे आढळले. अॅटलांटा शहरात तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चौकशीत ४४ शाळांमध्ये उत्तरपत्रिकांत फेरफार झाल्याचे निष्पन्न झाले. कायदा २०१५ साली बदलण्यात आला. अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांनी १९७० नंतरच्या दशकातच या रोगाचे निदान केले होते. त्याचा मथितार्थ असा : एखाद्या मापावर जितके अधिक निर्णय अवलंबून ठेवावेत, तितके ते माप भ्रष्ट होण्याचा संभव वाढतो, आणि ज्या व्यवहाराचे मोजमाप करावयाचे तो व्यवहारही त्याबरोबर बिघडतो.

येथपर्यंत अप्रामाणिकपणाचा विचार झाला. पण सर्व शिक्षक प्रामाणिक आहेत असे गृहीत धरले, तरी एक अडचण उरतेच; आणि ती अधिक मूलगामी आहे. आकडा चूक किती झाली ते सांगतो, कोणती झाली ते सांगत नाही.

असे समजा की, तीन शाळांच्या चौथीच्या वर्गांत प्रत्येकी वीस मुले आहेत आणि प्रत्येक वर्गातील दहा मुलांना मराठी उतारा ‘वाचता येत नाही’. तक्त्यात तिन्ही शाळांपुढे पन्नास टक्के असा एकच आकडा पडेल. आता चुका पाहू. पहिल्या शाळेतील मुले ‘कर्म’ हा शब्द ‘क्रम’ असा वाचतात, रफार आणि जोडाक्षर आले की थांबतात. बाकीचे सुरळीत वाचतात. लिपीतील र-काराची स्थाने त्यांना उमगलेली नाहीत, एवढाच तेथील दोष. काही आठवड्यांच्या नेमक्या सरावाने तो जाईल. दुसऱ्या शाळेतील मुले ‘पाणी’ ऐवजी ‘पानी’ आणि ‘डोळा’ ऐवजी ‘डोया’ असे वाचतात. ती वऱ्हाडी बोलणारी आहेत. छापील अक्षर पाहून त्यांनी शब्द ओळखला, त्याचा अर्थ जाणला आणि तो आपल्या बोलीत उच्चारला. ही वाचनातील चूक नसून वाचन साधल्याचा पुरावा आहे. दोष तपासनिसाच्या नियमात आहे. तिसऱ्या शाळेतील मुले मेळघाटातील कोरकू भाषी आहेत. ती उतारा अडखळत का होईना, अक्षरशः बिनचूक उच्चारतात. परंतु प्रश्न विचारला की गप्प बसतात. देवनागरीत अक्षर व उच्चार यांचा मेळ बराच सरळ असल्यामुळे अर्थ न कळताही शब्द उच्चारता येतो. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. मराठीशी तिचे नाते नाही. या मुलांना अक्षरांचा सराव देणे व्यर्थ आहे. त्यांना प्रथम मराठी बोलावयास शिकविले पाहिजे, आणि तेही त्यांच्या भाषेच्या आधाराने.

आकडा एकच, पण एकीला सराव हवा, दुसरीच्या बाबतीत तपासणीचा नियम बदलावयास हवा, आणि तिसरीला भाषाशिक्षणाची निराळीच योजना हवी. केवळ टक्केवारीवरून तिघींना एकच परिपत्रक धाडले, तर ते फार तर एकीच्या उपयोगी पडेल.

लहान शाळांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्या वर्गात दहाच मुले आहेत, तेथे एका मुलाचा निकाल म्हणजे दहा टक्के. चाचणीच्या दिवशी एक मूल तापाने घरी राहिले, तर शाळा क्रमवारीत खाली घसरते. पुढील वर्षी दोन हुशार मुले आली की वर चढते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या निकालांचा अभ्यास करता, सर्वोत्तम ठरलेल्या शाळांत लहान शाळांची संख्या प्रमाणाबाहेर आढळते, आणि सर्वांत खालच्या शाळांतही तसेच. हा पुष्कळ अंशी योगायोगाचा खेळ आहे. महाराष्ट्रातील वाड्यावस्त्यांवर लहान शाळा पुष्कळ आहेत. एका वर्षाच्या आकड्यावरून त्यांचा गौरव करणे अगर त्यांस दोषी धरणे शास्त्राला धरून होणार नाही.

मग आकडे सोडून द्यावेत काय? तसे मुळीच नाही. २००५ पासून ‘प्रथम’ या संस्थेच्या प्रेरणेने ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन होत आलेल्या ‘असर’ या पाहणीने आकड्यांचे सामर्थ्य दाखवून दिले आहे. मुले शाळेत जातात म्हणजे शिकतात, हा समज तिने खोटा ठरविला. पाचवीतील मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ साली सुमारे निम्मी होती. महासाथीत शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ साली, ती सुमारे ४३ टक्के उरली. या पाहणीचे साधन साधे आहे. अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद व गोष्ट, अशा पायऱ्यांवर मूल कोठे थांबते तेवढे नोंदवावयाचे. पाहणी नमुन्यापुरती असते, घरी होते, आणि तिच्यावर कोणा शिक्षकाची बढती वा शाळेचे अनुदान अवलंबून नसते. म्हणून खोटे सांगण्याचे प्रयोजन कमी उरते. अशाच पायऱ्यांचा उपयोग वर्गातही करता येतो : इयत्ता बाजूला ठेवून मूल ज्या पायरीवर आहे तेथून शिकवावयाचे. शतकाच्या आरंभी मुंबई व वडोदरा येथे मागे पडलेल्या मुलांना निराळे काढून मूलभूत गोष्टी शिकविण्याचा जो प्रयोग झाला, त्यात त्यांचे गुण लक्षणीय वाढल्याचे दिसून आले.

यावरून व्यवहाराची दिशा स्पष्ट होते. उत्तरदायित्वासाठी नमुना पाहणी असावी, ती त्रयस्थाने करावी, आणि तिचा निकाल जिल्ह्याच्या अगर राज्याच्या पातळीवर वाचावा. अमेरिकेतील राष्ट्रीय शैक्षणिक पाहणी १९६९ पासून याच तत्त्वावर चालत आली आहे. तीत कोणतेही मूल संपूर्ण प्रश्नसंच सोडवीत नाही व कोणत्याही शाळेला गुण मिळत नाहीत. सुधारणेसाठी मात्र शिक्षकाची वही असावी. तीत गुणांऐवजी चुका नोंदवाव्यात, आणि ती वही दंडासाठी कोणी मागणार नाही अशी हमी असावी. ही हमी नसेल, तर वहीतील चुका पहिल्याच वर्षी नाहीशा होतील. मुलांच्या वाचनात मात्र त्या तशाच राहतील.

उत्तरदायित्व एकाच बाजूचे असू नये, हेही ध्यानात घ्यावयास हवे. मूल कोठे अडले हे शोधून काढण्याबद्दल शिक्षकाने उत्तर द्यावे. ते कळल्यावर साधने, वेळ आणि मुलाची भाषा जाणणारा माणूस दिला की नाही, याचे उत्तर प्रशासनाने द्यावे. आपल्या विभागांतील अभ्यासकांवरही यात एक जबाबदारी येते. प्रत्येक बोलीच्या प्रदेशात मुले कोणत्या चुका करतात, त्यांपैकी कोणत्या लिपीच्या, कोणत्या बोलीच्या व कोणत्या आकलनाच्या, याची पद्धतशीर वर्गवारी भाषाशास्त्रज्ञाने करून द्यावयाची आहे. ती हाती नसताना ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलापुढे चुकीची खूण होत राहील, आणि त्या खुणांची बेरीज आपण शाळेची गुणवत्ता म्हणून वाचीत राहू.