दाणा धरायला शिकवणारा आभासी कारखाना

साखर कारखाना आणि त्याला जोडलेली डिस्टिलरी हा कोल्हापूर जिल्ह्याचा सर्वांत मोठ्या पसाऱ्याचा रासायनिक उद्योग म्हणता येईल. उसाचा रस चुना आणि सल्फर डायऑक्साइडने स्वच्छ होतो, इव्हॅपोरेटरमध्ये आटतो आणि व्हॅक्यूम पॅनमध्ये त्याची साखर होते. उरलेली मळी यीस्टने आंबवली की ऊर्ध्वपातनाने तिच्यातून इथेनॉल मिळते. मेटाव्हर्समुळे रसायन उद्योगात काय बदलू शकते, हे या ओळखीच्या जागी नीट समजते.

2021 मध्ये फेसबुक कंपनीने मेटा हे नाव घेतले, तेव्हा मेटाव्हर्सची चर्चा खेळ आणि करमणुकीभोवती फिरत होती. उद्योगासाठी त्याचा अर्थ वेगळा आहे : खऱ्या कारखान्याची संगणकावरची जुळी प्रतिकृती, जिच्यात हेडसेट लावून अनेक माणसे एकाच वेळी वावरू शकतात.

ही प्रतिकृती तीन थरांनी उभी राहते. पहिला थर आकाराचा. लेसर स्कॅनरने टाक्या, पाइप, व्हॉल्व्ह, जिने यांची मापे घेऊन कारखान्याचे त्रिमितीय चित्र तयार करतात. दुसरा थर आकड्यांचा. तापमान, दाब, पातळी, ब्रिक्स (रसात विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण) यांची सेन्सरवरची मोजणी त्या चित्रातल्या नेमक्या जागी येऊन बसते. तिसरा थर समीकरणांचा आणि खरी किंमत त्याचीच. वाफ वाढवली तर रस किती आटेल, पाणी सोडले तर किती साखर विरघळेल, हे तो हिशेबाने सांगतो. हा थर नसेल तर उरते ते फक्त देखणे चित्र.

आता पॅनवर जाऊ. साधारण 60 ब्रिक्सचा सिरप पॅनमध्ये येतो. निर्वातामुळे तो 65 ते 70 अंश सेल्सिअसलाच उकळतो, त्यामुळे साखर करपत नाही. पाणी उडत जाते, तसा पाक अतिसंपृक्त होतो. नेमक्या वेळी बारीक वाटलेल्या साखरेची स्लरी आत सोडली की त्या कणांवर साखर चढू लागते. याला दाणा धरणे म्हणतात. पाक त्याहून जास्त घट्ट झाला, तर नको असलेले असंख्य बारीक कण आपोआप तयार होतात. हा फॉल्स ग्रेन. तो साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्यूगलच्या जाळीतून मळीत जातो किंवा पाणी घालून पुन्हा विरघळवावा लागतो. साखर, वाफ आणि वेळ तिन्ही वाया जातात.

अनुभवी पॅनमन पाक बोटांत ताणून आणि नमुना काचेवर धरून ही वेळ ओळखतो. हे कसब शिकायला वर्षे लागतात, कारण गळीत हंगाम काही महिन्यांचाच असतो आणि त्यात चुकायला मुभा नसते. आभासी पॅनवर नवा कामगार बिगरहंगामात हवे तितक्या वेळा दाणा धरू शकतो, बिघडवू शकतो आणि का बिघडला ते आकड्यांत पाहू शकतो. बोटांना कळणारा चिकटपणा मात्र हेडसेट देत नाही. शेवटचा धडा खऱ्या पॅनवर, जाणत्या पॅनमनच्या शेजारी उभे राहूनच घ्यावा लागेल.

डिस्टिलरीत प्रश्न जिवाचा असतो. शुद्ध इथेनॉलची वाफ 13 अंश सेल्सिअसच्या आसपासही ठिणगीने पेट घेऊ शकते. संयंत्र सुरू किंवा बंद करतानाची वेळ सर्वांत नाजूक असते आणि नेमका तिचाच सराव कमी मिळतो. 23 मार्च 2005 रोजी अमेरिकेतल्या टेक्सास सिटी रिफायनरीत एक ऊर्ध्वपातन मनोरा सुरू करताना प्रमाणाबाहेर भरला, स्फोट झाला आणि 15 माणसे गेली. अशा प्रसंगाचा सराव करायला ऑपरेटरांना सिम्युलेटर उपलब्ध नव्हता, हे चौकशीत नोंदवले गेले. वाफ गळती, पंप बंद पडणे, वीज जाणे हे सगळे आभासी डिस्टिलरीत कोणालाही इजा न होता घडवून आणता येते.

मर्यादाही स्पष्ट आहेत. सेन्सर चुकीचा आकडा देत असेल, तर प्रतिकृतीही चुकेल. जुन्या यंत्रांची मोजणी आजही वहीत होत असेल, तर दुसरा थर उभाच राहणार नाही. हेडसेटने काहींना मळमळते, त्यामुळे सराव थोडा थोडाच घ्यावा लागतो. शिवाय कारखान्याची यंत्रणा नेटवर्कला जोडली की सायबर सुरक्षेचा खर्चही आलाच.

या जिल्ह्याला अशी उडी नवी नाही. 1998 मध्ये वारणानगर परिसरातल्या सुमारे 70 गावांना संगणकाने जोडणारा वायर्ड व्हिलेज प्रकल्प याच साखर पट्ट्यात झाला. तीच हिंमत आता यंत्रघरात हवी. सहकारी कारखान्यांनी एकत्र येऊन आधी एकच पॅन आणि एकच ऊर्ध्वपातन मनोरा निवडावा, येत्या हंगामात त्यांचे आकडे चोख नोंदवावेत आणि प्रशिक्षण मराठीत करावे. निवृत्तीला आलेल्या पॅनमनचे ज्ञान त्यात उतरवून घेण्याचे काम मात्र याच बिगरहंगामात सुरू करावे. ते पुढे ढकलण्यासारखे नाही.