शेवटचा आकडा दोनदा

सकाळी ९. पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल बॅच. सी भाषेत प्रोग्राम लिहायचा: फाइलमधले मार्क वाचून सरासरी, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त मार्क छापायचे. सगळे पीसी सुरू होईपर्यंत माझी हजेरी उरकते.

९.३०. "मॅडम, सगळ्यांत कमी मार्क शून्यच येतायत." 'मिन'मध्ये सुरुवातीलाच शून्य भरलं, तर त्याच्याखाली कोण जाणार? फाइलमधला पहिला आकडा भरायचा. पाठोपाठ दशांश गायब झाल्याची तक्रार: इंटला इंटने भागलेलं. ही दोन दुखणी दरवर्षीचीच, लगेच मार्गी लागतात.

१०.१५. आता खरा गुंता. एकीच्या फाइलमध्ये १०, २०, ६०. सरासरी ३० हवी, येतेय ३७.५. शेजारच्याचा प्रोग्राम ओळन्‌ओळ तोच (कुणी कुणाचा उतरवला ते मी विचारत नाही), तरी त्याचं उत्तर बरोबर! "मॅडम, माझा पीसीच खराब आहे." म्हटलं, आधी लूपमध्ये एक प्रिंटएफ घाल. स्क्रीनवर आलं: १०, २०, ६०, ६०.

तिने ६० नंतर एंटर दाबलं होतं, त्याने नव्हतं. लूप एफईओएफला विचारून फिरत होता आणि ते फाइल संपल्याचं आधी सांगत नाही. वाचायला जाऊन काही मिळालं नाही की मगच सांगतं. एंटर शिल्लक असल्याने लूप चौथ्यांदा फिरला, एफस्कॅनएफला आकडा मिळाला नाही आणि जुना ६० पुन्हा बेरजेत गेला. १५० भागिले ४. उपाय एका ओळीचा: एफस्कॅनएफने १ परत दिला तरच पुढे जायचं.

१२.३०. डबा.

दुपारी २. दुसऱ्या बॅचमधल्या एकाने खरी मार्कलिस्ट आणली, गैरहजरांपुढे 'एबी'. एफईओएफवाला लूप तिथे अडकून फिरतच राहिला, शेवटी कंट्रोल-सी. सकाळचा उपाय केला, तर प्रोग्राम 'एबी'पाशी गुपचूप थांबला आणि त्याखालची सगळी मुलं सरासरीतून गळाली. मला हे जास्त घातक वाटतं. अडकलेला प्रोग्राम निदान कळतो तरी. म्हणून सरासरीशेजारी किती आकडे वाचले तेही छापायला लावते.

४. जर्नल. हाताने काढलेली सरासरी शेजारी नसेल, तर सही नाही.

घरी करून बघणार असाल तर नोटपॅड वापरा. विम फाइलच्या शेवटी एंटर आपणहून घालतं, मग दोन्ही फाइली सारख्याच निघतील.