कांदळवन व खारभूमीचा बांध

न्हावा व शेवा ह्या गांवांचीं नांवें आतां बंदरामुळें सर्वतोमुखी झालीं आहेत. हें बंदर १९८९ सालीं सुरू झालें. त्यापूर्वीं येथील भूमीचें मूळ रूप म्हणजे खाडी, तिवरांचें रान, मिठागरें व बांधाआड भाताचीं शेतें. त्यांपैकीं जें शिल्लक आहे तें कां राखावें, ह्याचा विचार आमच्या शेतकरी बंधूंपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

राखीव रान म्हटलें कीं आपणांस कर्नाळा आठवतो. किल्ल्याभोंवतालचें तें रान १९६८ सालीं पक्ष्यांसाठीं अभयारण्य म्हणून राखण्यांत आलें. ठाण्याच्या खाडींतील रोहित पक्ष्यांसही २०१५ सालीं तसेंच संरक्षण मिळालें. परंतु डोंगरावरील रान राखावें हें कोणासही पटतें. चिखलांतील रान राखा असें म्हटलें कीं शेतकरी हंसतो. महसुली दप्तरांत खाजण म्हणजे बहुधा पडीक. त्या एका शब्दानें पुष्कळांची दृष्टि बिघडविली, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तिवराचीं मुळें खिळ्यांप्रमाणें चिखलांतून वर येतात, व ओहोटीच्या वेळीं झाड त्यांवाटे श्वास घेतें. ह्या जाळ्यांत भरतीचा गाळ अडतो, लाटेचा जोर मोडतो, आणि मग पाणी बांधाशीं येतें. पुढचें तिवर तोडिलें तर उधाणाची लाट थेट बांधावर आदळून पाया खचतो व खांड पडते. खारें पाणी एकदां शेतांत शिरलें कीं त्या वर्षाचें भात तर गेलेंच. पण पावसानें खार धुवून निघेपर्यंत पुढेंही पिकाची आशा नाहीं. बांधास माती, मजुरी व पैसा लागतो. तिवर फुकट राखण करितें. निवट्या, चिंबोऱ्या व कोळंबीचीं पिलें ह्याच मुळांत वाढतात, हा लाभ निराळाच.

आतां कायद्याची गोष्ट. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाप्रमाणें जमीन खाजगी मालकीची असली तरी तींतील कांदळवन नष्ट करतां येत नाहीं, व त्याच्या भोंवतालीं ५० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे. ह्यांतील मेख ध्यानांत घ्यावी. खांड बुजविली नाहीं तर भरतीबरोबर बीं आंत येऊन शेतांतच तिवर उगवतें. मग सातबाऱ्यावर नांव आपलें राहतें, पण नांगर घालतां येत नाहीं. म्हणून बांधाबाहेरील तिवरास कोयता लावूं नये आणि बांधाची खांड एक पावसाळाही तशीच ठेवूं नये. सरकारी योजनेंतील बांधाची देखभाल खारभूमि खात्याकडे असते. १९४८ च्या व पुढें १९७९ च्या कायद्यानें ही व्यवस्था झाली आहे. तोंडी तक्रारीचा उपयोग नाहीं. गटनंबर, खांडीची लांबी व दिनांक घालून सर्व खातेदारांच्या सह्यांनिशीं अर्ज द्यावा, आणि त्याची पोंच जपून ठेवावी.