लेक डॉक्टर झाली, आता शाखा कोणती?

मुलीला एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळाला की आपल्याला वाटतं, गंगेत घोडं न्हालं! पण खरा पेच पुढेच असतो. साडेचार वर्षांचं शिक्षण, एक वर्षाची इंटर्नशिप आणि मग पुन्हा पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा. तिचा निकाल लागला की शाखांचा पसंतीक्रम भरायला हाताशी थोडेच दिवस असतात. त्या दिवसांत जो तो सल्ला देतो. आत्या म्हणते, "स्किन घे, रात्रीचं कुणी उठवत नाही." काकू म्हणते, "बाईमाणसाला बाळंतपणाचीच शाखा बरी." जागा घेऊन मध्येच सोडणं सोपं नसतं, आणि शिक्षण तीन वर्षांचं असलं तरी निभवायचं असतं तीस वर्षं. म्हणून हा निर्णय ऐकीव गोष्टींवर सोडू नये.

आमच्या नव्या मुंबईत नेरूळला आणि कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्यामुळे शेजारीपाजारी शिकणाऱ्या आणि नुकत्याच डॉक्टर झालेल्या मुली पुष्कळ भेटतात. त्यांच्याशी बोलताना मला एक गोष्ट पटली. शाखेचं नुसतं नाव विचारू नये, त्या शाखेचं घड्याळ विचारावं.

'बाईसाठी बरी' शाखा

ही समजूत आली कुठून? डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या इस्पितळातला स्त्रियांचा विभाग त्यांच्याकडे यायचा होता, पण १८८७ मध्ये त्या गेल्या. डॉ. रखमाबाई लंडनला शिकून आल्या आणि सुरत, राजकोट इथे त्यांनी स्त्रियांवर उपचार केले. त्या काळी कित्येक बायका पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवत नसत. म्हणून 'लेडी डॉक्टर' म्हणजे बाळंतपण, हे समीकरण झालं. ती त्या काळाची निकड होती.

पण गंमत पाहा, 'बाईला सोयीची' म्हणून जी शाखा सुचवली जाते, तिच्यातच रात्रीची झोप सर्वांत कमी! बाळ काही मुहूर्त पाहून येत नाही. ज्या मुलीला या कामाची ओढ आहे तिने ते खुशाल करावं, त्यासारखं समाधान नाही. मात्र सोय म्हणून ही शाखा घेऊ नये. अलीकडे दोघीतिघी मिळून प्रसूतिगृह चालवतात आणि रात्री वाटून घेतात. तो मार्ग आधीपासून डोक्यात ठेवावा.

रात्र मोकळी, पण संध्याकाळ?

त्वचारोगात मध्यरात्री धावपळ क्वचितच. पण खाजगी दवाखान्याची वेळ पाहिलीत? संध्याकाळी सहा ते नऊ! मुंबईहून हार्बरच्या गाडीने परतलेली माणसं वाशी-नेरूळला उतरली की मग दवाखान्यात येतात. म्हणजे नेमकी मुलांच्या अभ्यासाची आणि आपल्या कुकरची वेळ. मानसोपचाराचंही तसंच. भेटी ठरवून देता येतात, रात्र बहुधा आपली असते. पण दिवसभर दुसऱ्याचं दुःख ऐकून मन थकतं, याचाही हिशेब धरावा.

डोळ्यांच्या डॉक्टरांची मोतीबिंदूची ऑपरेशनं आधी ठरवून होतात. मात्र स्वतःचं थाटायचं तर यंत्रांचा खर्च मोठा. कर्ज काढलं की हप्त्यांसाठी जास्त तास बसणं आलंच. पॅथॉलॉजीत रुग्णांची थेट धावपळ कमी. मोठ्या रुग्णालयात मात्र ऑपरेशन चालू असतानाच गाठीचा तुकडा तपासून ताबडतोब निदान द्यावं लागतं.

रेडिऑलॉजीला मागणी खूप. एक्स-रे, सी.टी. यांचे फोटो आता घरच्या संगणकावर पाहून रिपोर्ट देता येतो, ही तान्ह्या बाळाच्या आईला मोठी सोय. पण सोनोग्राफी घरून होत नाही. शिवाय गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद काटेकोर ठेवावी लागते. कागदोपत्री हयगय झाली तर मशीनला सील लागू शकतं.

भूलतज्ज्ञाला स्वतःचा दवाखाना थाटावा लागत नाही, आज हे नर्सिंग होम तर उद्या ते. मूल लहान असताना काम कमी करता येतं, पुढे वाढवता येतं. पण ऑपरेशनची वेळ सर्जन ठरवणार, आणि रात्रीच्या सिझेरियनला भूल देणारं कुणी हवंच.

ठरावीक वेळेची नोकरी हवी असेल तर पी.एस.एम. म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्र, किंवा शरीररचना, शरीरक्रिया यांसारखे शिकवण्याचे विषय आहेत. पैसा खाजगी दवाखान्याएवढा नाही, पण संध्याकाळ बहुतेक घरची. शिकवण्याची आवड असलेल्या मुलीने या विषयांना नाक मुरडू नये.

आणि शाखेइतकंच गावही महत्त्वाचं. डॉ. मंदाकिनी आमटे भूलशास्त्र शिकलेल्या, पण १९७० च्या दशकात हेमलकशाला गेल्यावर त्यांनी सर्व तऱ्हेचे रुग्ण पाहिले. जिथे डॉक्टरच नाही, तिथे शाखेची पाटी कोण वाचतो?

मधली तीन वर्षं

पुढे कितीही आराम असो, निवासी डॉक्टर म्हणून काढायची तीन वर्षं कष्टाचीच. त्यांना आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांहून जास्त काम देऊ नये, असं केंद्राच्या १९९२ च्या योजनेत म्हटलं होतं. प्रत्यक्षात सलग ३६ तासांच्या ड्यूटीच्या कहाण्या आजही ऐकू येतात. २०२३ च्या नियमांत कामाचे तास 'वाजवी' असावेत, वर्षाला किमान २० दिवस पगारी रजा मिळावी आणि कामाची निकड नसेल तर आठवड्याची सुट्टी द्यावी, असं आहे. हजेरी मात्र ८० टक्के लागते. म्हणून लांब रजा घेतली तर अभ्यासक्रमाची मुदत वाढू शकते. लग्न किंवा बाळंतपण मनात असेल तर हे आधी माहीत हवं.

एकच शाखा एका महाविद्यालयात सुसह्य आणि दुसऱ्यात जीवघेणी असते. तेव्हा माहितीपत्रकावर विसंबू नका. मुलीला तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला गाठून विचारू द्या, "ताई, गेल्या आठवड्यात तुम्ही किती रात्री झोपलात?"

एक कागद घ्या

पसंतीक्रम भरण्याआधी मुलीबरोबर निवांत बसा आणि या प्रश्नांची उत्तरं लिहून काढा:

१. इंटर्नशिपमध्ये कोणत्या वॉर्डात तिला घड्याळाकडे बघावंसं वाटलं नाही?
२. या शाखेत रात्री बोलावणं येतं का? महिन्यातून किती वेळा?
३. संध्याकाळी सहा ते नऊ ती कुठे असेल?
४. स्वतःचं थाटायला किती भांडवल लागेल? नोकरी मिळते का?
५. दोन वर्षं काम कमी केलं तर पुन्हा सुरुवात करता येईल का?
६. घरात तिच्या वाट्याचं काम कोण उचलणार?

पहिला प्रश्न मुद्दाम पहिला ठेवला आहे. नावडतं काम चार तासांचं असलं तरी डोंगराएवढं होतं.

आणि सहावा सर्वांत अवघड. मुलगा सर्जन व्हायचं म्हणाला तर "घर कसं सांभाळशील रे?" असं आपण विचारतो का? मग मुलीलाच का? जिच्या नवऱ्याला वरणभाताचा कुकर लावता येतो आणि जिच्या सासूबाई "जा तू, मी बघते बाळाकडे" म्हणतात, तिला शस्त्रक्रियेचीही शाखा झेपते. जिथे पाण्याचा पेलासुद्धा हातात द्यावा लागतो, तिथे कुठलीच शाखा सोपी नाही. तेव्हा लेकीसाठी स्थळ बघाल तेव्हा पत्रिकेबरोबर या सहाव्या प्रश्नाचंही उत्तर मागा. आणि घरात मुलगा असेल, तर त्याला कुकर लावायला आजच शिकवा.